काट्यावर उरलेलं

१

मी काटे दुरुस्त करते. असं सांगितलं की लोक हातातलं घड्याळ काढून पुढे करतात, म्हणून आधीच सांगते, वजनकाटे. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यातले. धंदा माझ्या बाबांचा. भावाला त्यात रस नव्हता आणि मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे आला.

काट्यावरचा आकडा म्हणजे सात पट्ट्यांचा खेळ असतो. तीन आडव्या, चार उभ्या. सातही पेटल्या की आठ. उजवीकडच्या दोनच पेटल्या की एक. मधली आडवी एकटी पेटली तर ती उण्याची खूण. बास, एवढ्यावर जगाचा कारभार चालतो. काटा चालू केला की क्षणभर सगळीकडे आठ दिसतात, दंतवैद्यापुढे तोंड उघडून सगळे दात दाखवावेत तसे. त्यात एखादी पट्टी मेलेली आहे का ते मी बघते. एका किराणा दुकानदाराच्या काट्याची मधली पट्टी गेली होती, त्यामुळे आठाचा शून्य दिसायचा. तो गृहस्थ आठवडाभर गिऱ्हाइकांशी भांडत होता आणि शेवटी माझ्याशी भांडला.

आठ विझले की शून्य यायला हवा. नाही आला तर शून्याचं बटण दाबायचं. त्याआधी मात्र काट्याच्या प्लेटवरून हात फिरवायचा, हा बाबांचा नियम. डोळ्यांना रिकामी दिसली तरी हात फिरवायचाच. बाबांना एकदा प्लेटवर ठेवलेली काच दिसलीच नव्हती. "बटणाला अक्कल नसते," ते म्हणायचे. "दाबताना वर जे असेल त्याला ते 'काही नाही' समजतं. मग ते काही नाही उठून गेलं की काटा उणे दाखवतो."

वीस वर्षांत मी हा नियम एकदाच मोडला.

२

आमची मुलगी पाच वर्षांची आहे. पाळण्यात असताना सारखी हातपाय हलवायची, म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागलो. पुढे कळलं की तिच्या हृदयाला छिद्र आहे आणि तिने फार पळायचं नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पंधरा किलो भरू द्या. पंधरा भरली की ऑपरेशनची तारीख देते. त्याआधी धोका नको." तेव्हापासून आमच्या घरात पंधरा या आकड्याला देवाच्या खालोखाल मान होता.

त्याच दवाखान्याचा काटा माझ्याकडे होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी तो तपासायची आणि त्यानंतर तिथेच भिंगरीचं वजन व्हायचं. त्या सोमवारी घरात एक मोजा सापडेना. तो शेवटी भिंगरीच्या पायातच निघाला, दुसऱ्या मोज्याच्या आत. तोवर उशीर झाला होता. दवाखान्यात पोचले तर डॉक्टर हातातला पेन वाजवत उभ्या.

काटा चालू केला. सगळे आठ पेटले, एकही पट्टी मेलेली नव्हती. आठ विझले आणि आकडा आला ०.३५. प्लेट रिकामी होती. वरचं काळं रबर नुकतं पुसलेलं दिसत होतं. ओल असेल, म्हटलं, आणि बटण दाबलं. हात फिरवला नाही.

भिंगरी वर चढली. १३.९०. "हळूहळू येतंय," डॉक्टर म्हणाल्या. भिंगरी खाली उतरली.

मधली पट्टी पेटली. उणे ०.३५.

म्हणजे मी बटण दाबलं तेव्हा प्लेटवर साडेतीनशे ग्रॅमचं काहीतरी होतं आणि आता ते नव्हतं. रबर वाळलं असणार, मी स्वतःला सांगितलं. एवढ्याशा रबरात साडेतीनशे ग्रॅम पाणी मावत नाही, हेही मला माहीत होतं. मी पुन्हा शून्य केलं आणि पिशवी उचलली. बाहेर पडताना भिंगरी दाराशी थांबली, डावा हात जरासा मागे धरून. मला वाटलं, माझ्यासाठीच थांबलीय.

३

भिंगरीचे बाबा शिंपी आहेत. तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, तळमजल्यावर पुढच्या खोलीत माझे काटे, मागच्या खोलीत त्यांचं मशीन. लग्न झाल्यापासून आमचा एकच वाद चालू आहे, टेप खरी की काटा खरा. माझं म्हणणं असं की टेप ओढणाऱ्याच्या हातात असते, काटा कुणाच्या बापाचा नसतो.

पुढच्या महिन्यात भिंगरी १४.३० भरली. मी घरी येऊन ताठ मानेने सांगितलं. शिंपीबुवा तोंडात टाचण्या धरून बसले होते. त्या एकेक करून काढल्या आणि मगच बोलले.

"काल तिच्या फ्रॉकचं माप घेतलं. छातीत अर्धा इंच कमी झालीय."

"श्वास सोडला असेल तिने."

"अगं, मी रोज दहा जणांची मापं घेतो. श्वास सोडलेला मला कळतो."

"मग ताट बघा ना तिचं. पूर्वी चार घास खाऊन उठायची. आता चाटूनपुसून लख्ख. ताट रिकामं, काटा वर. आणखी काय पाहिजे?"

त्यांनी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. वाद जिंकल्याचा आनंद मला झाला, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. काट्यावरून माणूस उतरला की आकडा एका झटक्यात शून्यावर येतो. त्या दिवशी भिंगरी उतरली तेव्हा तो दोनदा पडला. १४.३०, मग ०.६०, आणि मग शून्य. मधला आकडा इतकाच वेळ होता की दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. जिन्यावरून दोघं उतरावेत, एक पुढे, एक मागे, तसं वाटलं. मी तो विचार झटकला. काट्याला जडपणा आलाय, आतली स्प्रिंग बघायला हवी, असं ठरवलं. त्या काट्यात स्प्रिंग नसते.

४

तिसऱ्या महिन्यात १४.७०. उतरताना मधे १.३० वर आकडा थांबला. या वेळी मी मनात एक, दोन असं मोजू शकले.

आता फ्रॉकच्या कमरेच्या इलॅस्टिकला दुसरी गाठ पडली होती. आंघोळ घालताना भिंगरीच्या फासळ्यांवरून साबण अडखळत जायचा. "उंची वाढली की मुलं अशीच दिसतात," डॉक्टर म्हणाल्या. मी मान डोलावली. ज्याला पंधरा हवेत त्याला चौदा सत्तर गोड लागतात.

रात्री काम नसलं की मी झोपते, शिंपीबुवा विचार करत बसतात. एके दिवशी सकाळी चहा घेता घेता ते म्हणाले, "मला ती उचलताना तेरा-सव्वातेराची वाटते. तुझ्या काट्याची एखादी पट्टी गेली असेल. आकडा वेगळाच दिसत असेल."

मी हसले. धंद्यातली चूक कुणी धंद्यातल्या माणसाला शिकवू नये. तरीही मी दवाखान्यात परत गेले. आठ पेटवून पाहिले, सगळे विझवून पाहिले. पट्टी विझली की आकडा फसवतो हे खरं, पण ती फसवणूक खुळी असते. आठाचा शून्य होतो, नऊचा पाच होतो. तीनाचा चार काही केल्या होत नाही. त्यासाठी वरची पट्टी विझावी लागते, खालची विझावी लागते आणि डावीकडची पेटावी लागते. एवढा शहाणा बिघाड मी जन्मात पाहिला नव्हता.

मग प्रमाण वजनं ठेवली. लोखंडी पाच किलो, पाचचे पाच. दहा किलो, दहाचे दहा. ग्रॅमचाही फरक नाही. काटा सुतासारखा सरळ होता. घरी आल्यावर वर्कशॉपमधल्या माझ्या काट्यावरही भिंगरीला उभं केलं. तिथेही १४.७०. म्हणजे दोन काटे खोटं बोलत होते, किंवा दोन्ही खरं बोलत होते. खोटं बोलत असते तर मला फार बरं वाटलं असतं.

५

चौथ्या महिन्यात आकडा आला १५.००.

सगळ्यांना इतका आनंद झाला की नर्सने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारची तारीख दिली आणि तिथेच फॉर्म भरला. वजनाच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत पंधरा लिहिलं. "हाच आकडा भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे जातो," त्या म्हणाल्या. "लहान मुलांना औषध वजनावर मोजून देतात. थोडं कमी-जास्त चालत नाही. म्हणून तुमच्यासारखी काटेवाली दवाखान्याला लाभली हे आमचं नशीब, ताई."

मी काट्याकडे बघत होते. भिंगरी उतरून माझ्यापाशी येऊन उभी राहिली होती. आकडा १.९० वर होता. तो गेला तेव्हा मी पाचपर्यंत मोजलं होतं. भिंगरीचा डावा हात जरासा मागे, तळवा उघडा. आकडा शून्य झाला आणि तिने मूठ मिटली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी तिला उचललं. आपलं पोर किती जड आहे हे आईच्या कमरेला कळतं, त्याला पट्ट्या लागत नाहीत. भिंगरी हलकी होती. गेल्या वर्षीपेक्षाही हलकी. मला रडू आलं आणि ते मी तिच्या खांद्यात लपवलं. पंधरा किलोच्या औषधाने या तेरा किलोच्या जिवाचं काय झालं असतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण मी डॉक्टरांना काय सांगणार होते? तुमचा काटा मी तपासलाय, तो बरोबर आहे, आणि त्याच्यावर विश्वास ठेवू नका?

६

रविवारी दुपारी शिंपीबुवा वर स्वयंपाकघरात होते. मी भिंगरीला घेऊन खाली वर्कशॉपमध्ये आले. शटर अर्धं ओढलं. बाहेर ऊन होतं, त्याची एक पट्टी जमिनीवरून काट्याच्या पायाशी आली होती. पंखा बंद केला. काट्याला वारा लागायला नको होता.

आठ पेटले, विझले. शून्य.

"चढ गं."

ती चढली. १५.००.

"आता उतर. एकदम उडी मार."

तिने उडी मारली. दोन्ही पाय एकदम जमिनीवर आपटले. आकडा १.९० वर आला आणि तिथेच राहिला.

मी मोजत होते. दहा. वीस. तीस. लाल पट्ट्या जराही हलत नव्हत्या. वजन डुगडुगत असेल तर शेवटचा आकडा लुकलुकतो. हा लुकलुकत नव्हता. जे काही वर होतं ते अगदी स्थिर उभं होतं.

"आई, घाई नको करूस," भिंगरी हळूच म्हणाली. "उडी मारली की तिला येता येत नाही."

"कुणाला?"

तिने खांदे उडवले. माझा प्रश्न बावळटपणाचा आहे असा तिचा चेहरा होता.

"ती तुझं जेवण जेवते का?"

"तिला भूक लागते ना," भिंगरी म्हणाली. "मला नाही लागत."

मी प्लेटवरून हात फिरवला. चार महिन्यांपूर्वी फिरवायला हवा होता तो हात. रिकामी होती. हाताला काही लागलं नाही. पण काळं रबर गार असताना त्यावर दोन ठिकाणी कोमट होतं. भिंगरीच्या पायांची ऊब असणार, मी म्हटलं. पण भिंगरीच्या पायात मोजे होते, आणि त्या दोन जागा माझ्या अंगठ्यापेक्षा जरा मोठ्या होत्या.

मी हात मागे घेतला. आकडा १.९०.

७

पुढे जे केलं ते मी विचार करून केलं असं सांगायला मला आवडेल. तसं नाही. वीस वर्षांची सवय बोटात असते. प्लेट रिकामी आणि आकडा शून्य नाही, असं दिसलं की बोट आपोआप बटणावर जातं. ते गेलं.

शून्य.

"भिंगरी, पुन्हा चढ."

१३.१०.

तिचं खरं वजन चार महिन्यांनी माझ्यासमोर होतं. तेरा. पंधरा नाही, चौदा नाही, तेरा. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी खाली बसले. मग उठून डॉक्टरांना फोन लावला. रविवारी फोन केल्याबद्दल माफी मागितली आणि सांगितलं की मुलगी तेरा दहा भरतेय, औषध पंधराचं देऊ नका.

"तुमच्याच काट्यावर पंधरा भरली होती, ताई," डॉक्टर म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या. "काटा बिघडला होता का?"

"काटा बरोबर आहे, डॉक्टर. वजन तिचं एकटीचं नव्हतं."

काट्यावर खेळणंबिळणं राहिलं असेल असं त्यांनी समजून घेतलं असावं. "मग मंगळवारचं रद्द," त्या म्हणाल्या. "तिला खायला घाला. आधी ते बघा." आणि फोन ठेवला.

मी वळले. भिंगरी काट्यावरून उतरून शटरपाशी उन्हात उभी होती. आकडा शून्यावरच होता. म्हणजे ते अजून वर होतं, आणि माझं बोट त्याला 'काही नाही' ठरवून बसलं होतं.

मग मधली पट्टी पेटली.

उणे १.९०.

८

मी भिंगरीला उचललं आणि शटरखालून वाकून बाहेर पडले. जिन्याचं दार पायाने लोटलं. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत मी फक्त पळत होते. पहिल्या मजल्यावर मला जाणवलं की ती जड आहे.

चांगली जड. हात भरून यावा अशी. काय सांगू, मला आधी आनंदच झाला. माझ्या वेड्या मनाने क्षणात हिशेब केला, की ऊब, बाळसं, सगळं परत आलं, चार महिन्यांचं जेवण आता अंगी लागलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी त्या आनंदावर चढले. मग दंड थरथरायला लागले, म्हणून भिंगरीला खाली ठेवलं.

ती पायरीवर उभी राहिली. माझे हात हलके झाले नाहीत.

ते वजन छातीशी होतं. कोमट होतं. डाव्या दंडावर त्याचा भार जास्त होता, झोपलेल्या मुलाचं डोकं असतं तिथे. मी खाली पाहिलं. माझे रिकामे हात एकमेकांत गुंफलेले होते आणि माझ्या ब्लाऊजच्या कापडाला एक खळगा पडला होता. त्यापुढे मी पाहिलं नाही. ओरडावंसं वाटलं, झटकून टाकावंसं वाटलं. पण झटकलं तर ते कुठे जाईल? माझ्यासमोर दोन पायऱ्या वर भिंगरी कठड्याला धरून उभी होती, आणि डावा हात तिने मागे धरला नव्हता. दोन्ही हात कठड्यावर होते. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्यासोबत कुणी नव्हतं.

मला कळलं की हात सोडायचे नाहीत.

"आई," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."

हे वाक्य मी किती दिवसांनी ऐकलं ते मला आठवेना. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"तू हो पुढे," मी म्हणाले. "बाबांना सांग वाढायला."

ती एकेक पायरी चढत वर गेली. तिच्यामागे मीही चढले, चार पायऱ्यांचं अंतर ठेवून. दार उघडलं. शिंपीबुवांनी आधी तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, माझ्या हातांकडे. माप घेणाऱ्याची नजर, काय धरलंय आणि केवढं ते तिला कळतं. त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, हे काय..."

"एकच ताट वाढा," मी म्हणाले. "फक्त तिचं. ती पोटभर जेवेपर्यंत तिच्याशेजारी बसा आणि दार लावून घ्या. मी बाहेर आहे."

त्यांनी भिंगरीला आत घेतलं. दार लागलं. मी जिन्यात भिंतीला पाठ टेकून उभी राहिले. आतून ताट ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा, आणि मग चमच्याचा. भिंगरी भराभर खात होती.

माझ्या हातांतलं ते त्या आवाजाकडे वळलं. मी त्याला घट्ट धरून ठेवलं.